न लावलेले फोन

माझ्याकडं एक वही आहे. दोनशे पानी, पुठ्ठा बांधणीची, वर खाकी कव्हर. कव्हरवर स्केचपेननं ठसठशीत लिहिलंय : 'आरोग्य – काय, कुठं, कोण'. 2014 च्या जानेवारीत ती सुरू केली आणि पुढची साडेतीन वर्षं गडचिरोली जिल्ह्यात झोळीतून मिरवली. मिरवली हाच शब्द बरोबर. गावात बसल्यावर मी ती झोळीतून काढायचो, मांडीवर ठेवायचो, आणि लोकांचं लक्ष तिच्याकडं गेलं की मला बरं वाटायचं. तिच्यात तीनशेच्या वर फोन नंबर आहेत. त्यातले मी स्वतः लावून पाहिलेले किती, हे मोजायची वेळ माझ्यावर फार उशिरा आली. नऊ निघाले.

मी चंद्रपूरचा. वडील कोळसा खाणीत. दोरीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी करडा होऊन घरात यायचा, असं आमचं बालपण. सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी केलं, दोन वर्षं 'पुढं काय' यात घालवली आणि सव्विसाव्या वर्षी एका छोट्या संस्थेत लागलो. ती संस्था आता नाही. पदाचं नाव भारदस्त होतं, 'माहिती समन्वयक'. धानोरा आणि एटापल्ली तालुक्यांतल्या गावांत आरोग्यसेवा आणि योजनांची माहिती पोचवायची, शिवाय बारावी झालेल्या पोरापोरींना आरोग्यक्षेत्रात काय शिकता येतं, नोकरी कुठं लागते ते सांगायचं, असं काम. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून फुटून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. आमच्या वडिलांच्या लेखी तो नंतरही आपलाच जिल्हा होता आणि मलाही तसंच वाटायचं. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली, त्यात परकं ते काय?

पूल ओलांडल्यावर काय काय बदलतं ते कळायला मला वर्ष लागलं. कोरचीकडं छत्तीसगढी, धानोरा-एटापल्लीत गोंडी आणि माडिया, सिरोंचात तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडं पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची बंगाली बोलणारी गावं. आणि माझी वही एका भाषेत. तीही परीक्षेच्या पेपरातल्या मराठीत.

पहिली फजिती भिंतीवर झाली. त्या जानेवारीत राज्यात 108 ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली होती. नंबर गावोगाव पोचवायचा म्हणून आम्ही ऑइलपेंटचे डबे घेऊन निघालो. एटापल्ली तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या भिंतीवर फूटभर उंचीचे आकडे मी स्वतः रंगवले. निळ्या पट्टीवर पांढरा 108, खाली 'मोफत रुग्णवाहिका, चोवीस तास'. मागं सरून, मान तिरकी करून पाहिलं. झकास दिसत होतं. गावच्या आशाताई बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

"लिहिलं त चांगलं जी," त्या म्हणाल्या. "पन लावाचा कोठून?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी गावामागच्या टेकडीकडं बोट केलं. तिथं एक मोहाचं झाड, झाडाखाली एक चपटा दगड. त्या दगडावर उभं राहिलं आणि हवा बरी असली तर रेंज मिळते. दिवसा. रात्री बाई अडली तर टेकडी चढणार कोण? "आन मोहाच्या दिवसात तेथी अस्वल येते," त्यांनी भर घातली. मोहफुलांचा सडा पडला की माणसांच्या आधी अस्वलं पोचतात, हे चंद्रपूरच्या पोराला सांगावं लागू नये. मी खिशातला मोबाइल काढून पाहिला. एटापल्ली सोडल्यापासून रेंज नव्हती. ते मला ठाऊक होतं, कारण दुपारपासून मी मित्राच्या फोनची वाट बघत होतो. माझ्या फोनची अडचण मला दिसत होती, भिंतीवरच्या नंबरची दिसली नव्हती.

पुढचं त्या ताईंनीच शिकवलं. फोन लागला तरी गावाचं नुसतं नाव सांगून भागत नाही. या दोन्ही जिल्ह्यांत एकाच नावाची दोन-तीन गावं सहज सापडतात, एक माल, एक चक, एक तुकूम. शेवटचा शब्द गाळला की गाडी भलत्याच रस्त्याला लागते. शिवाय गाडी पक्क्या सडकेपर्यंतच येणार, तिथवर खाटेची कावड करून न्यायचं तर चार माणसं लागणार आणि ती तेंदूच्या हंगामात गावात नसतात. गावात ट्रॅक्टर एकच. त्याच्या मालकाचं घर कुठलं, डिझेलचे पैसे कोण देणार, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गाडीचा ड्रायव्हर कुठल्या गावी झोपतो, ही सगळी माहिती ताईंच्या डोक्यात होती. माझ्या वहीत यातलं अक्षर नव्हतं. शेवटी मी 108 च्या खाली बारीक अक्षरात लिहिलं : 'मोहाजवळच्या दगडावरून लागतो.' माझ्या सगळ्या कामातलं ते बहुधा सर्वांत उपयोगी वाक्य. संस्थेतल्या साहेबांनी फोटोत ते दिसू नये म्हणून फोटो खालून कापला.

पत्रकांचं तर विचारूच नका. हगवणीवरचं पत्रक मी रात्र जागून लिहिलं होतं. मथळा : 'निर्जलीकरण टाळा'. त्याच ताईंनी अक्षर अक्षर जोडून वाचलं आणि पदर तोंडाला लावला. "हा कोनता गाव जी?" सगळ्या बाया हसल्या, मीही हसलो, पण कान तापले होते. हगवण हा शब्द लिहायला मला लाज वाटली होती, हे खरं कारण. आरोग्याचं काम करणाऱ्यानं हगवणीला लाजायचं म्हणजे कमालच.

मलेरियाचं पत्रक मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मलेरियाच्या बाबतीत गडचिरोली राज्यात कायम वरच्या नंबरावर, म्हणून त्या पत्रकावर मी जास्त मेहनत घेतली होती. इंटरनेटवरून सरकारी कागद उतरवला, भाषांतर केलं, गोळ्यांचं चित्रही काढून घेतलं. ताईंनी चित्र पाहिलं, न बोलता आपली पेटी उघडली आणि गोळ्यांची पाकिटं जमिनीवर मांडली. गुलाबी पाकीट वर्षाच्या आतल्या बाळाचं, पिवळं एक ते चार वर्षांचं, हिरवं पाच ते आठ, लाल नऊ ते चौदा आणि पांढरं मोठ्यांचं. आकडे वाचायची गरजच नाही, वय कळलं की रंग ठरतो. पेटीत रक्त तपासायच्या पट्ट्या होत्या. बोटाचा एक थेंब, त्यावर द्रावणाचे थेंब, मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि रेघा मोजायच्या. "तुमच्या कागदावरची गोळी आमच्या पेटीत नाही," त्या म्हणाल्या.

त्या बरोबर होत्या. मी भाषांतर केलेला तक्ता ईशान्येकडच्या राज्यांसाठीचा होता. तिकडं जुन्या औषधजोडीला मलेरियाचा फाल्सिपॅरम जंतू दाद देईना, म्हणून 2013 मध्ये त्या राज्यांसाठी वेगळी जोडगोळी ठरली. आपल्याकडं आर्टेसुनेट आणि एसपी या जुन्या जोडीचीच पाकिटं होती. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात राज्यांची नावं छापलेली होती. मी ती वाचली होती आणि 'प्रस्तावना' समजून सोडून दिली होती. तीनशे प्रती छापून झाल्या होत्या. वाटल्या किती होत्या? अकरा. त्या अकरा परत गोळा करायला मला चार दिवस लागले. एका घरात त्या कागदाची पुडी करून त्यात मीठ ठेवलं होतं. मीठ रिकामं करून कागद मागून घेतला, तेव्हा त्या घरच्या म्हातारीला मी किती कंगाल वाटलो असेन!

या सगळ्या काळात आठवड्यातून दोनदा मी गडचिरोली-धानोरा रस्त्यानं जायचो. चातगावजवळ शोधग्रामची पाटी दिसायची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये या जिल्ह्यात आले, त्यांच्या 'सर्च' संस्थेचा तो परिसर. वर्षभर पाटी वाचत पुढं गेलो, आत वळलो नाही. लोकांना सांगायचो की वेळ नाही. खरं म्हणजे भीती होती. ज्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापून येतं त्यांच्यासमोर आपली वही काढायची? मीठवाल्या पुडीनंतर मात्र मोटारसायकल आत घातली.

तिथं मला एक खेळण्यासारखं यंत्र पाहायला मिळालं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याच्यासोबत सरकणारे मणी. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायचं तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं आणि गावातल्या दाईला तेवढे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. मी ते हातात घेऊन बराच वेळ मणी सरकवत बसलो. पुढं याच जिल्ह्यातल्या 39 गावांत आरोग्यदूत बायांनी घरी जाऊन नवजात बाळं सांभाळली. त्या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण बासष्ट टक्क्यांनी उतरल्याचं 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. आणि आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी जातात ती पद्धत तिथली. हे सगळं मी वाचलेलं होतंच. पण मणी सरकवताना मला माझं 'निर्जलीकरण' आठवत होतं.

तिथल्या दवाखान्याचीही गोष्ट कळली. लोकांना मोठ्या इस्पितळाची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची वाटते, कारण पांढरं कापड प्रेतावर घालतात. सोबतच्या नातेवाइकांना राहायला जागा नसते, म्हणून रोगीही थांबत नाही. हे लोकांनीच सांगितल्यावर दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी. आणखी एक गोष्ट डॉ. बंग स्वतः सांगतात. आल्या आल्या त्यांनी मोठा अभ्यास केला तो सिकलसेलवर. आजार या भागात किती पसरलाय ते दाखवून दिलं, पण लोकांनी त्यांना ते विचारलंच नव्हतं. आपली सुरुवातीची चूक इतक्या मोठ्या माणसानं मोकळेपणी सांगावी याचं मला तेव्हा कौतुक वाटलं. सिकलसेलमध्ये माझ्याही हातून काय घडणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

2015 च्या पावसाळ्याआधी धानोरा तालुक्यातल्या एका गावात तपासणीचं शिबिर होतं. मी यादी लिहायला बसलो होतो. सोल्युबिलिटी टेस्ट बघायला सोपी असते. बोटाचं रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं, नळीमागं रेघा आखलेला कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण पॉझिटिव्ह म्हणजे रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे, इतकंच. माणूस नुसता वाहक आहे, म्हणजे ज्याला इथं सगळे 'एएस पॅटर्न' म्हणतात तो, की खरोखर आजारी आहे, 'एसएस', हे त्या नळीतून कळत नाही. त्यासाठी नमुना जिल्ह्याला जातो, इलेक्ट्रोफोरेसिस होतं, मग रिपोर्ट येतो. बीएस्सी झालेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं. मला होतंही, परीक्षेपुरतं.

दुपारी एक बाप माझ्या टेबलाशी आला. आमच्या पोरीचं काय आलं, विचारू लागला. पोरगी वीसेक वर्षांची, आंब्याखाली मैत्रिणींसोबत बसलेली. शेजारच्या गावात तिचं जवळजवळ ठरलं होतं. मी यादीवर बोट फिरवलं आणि म्हणालो, "सिकल निघालाय, बाबा. लग्नाचं जपून करा."

एवढंच बोललो. भर मांडवात, चाळीस माणसांदेखत. माझ्या आवाजात काळजी होती, हे मला अजून आठवतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. ती बातमी संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावी पोचली होती. आठवड्याच्या आत सोयरीक मोडली.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. एएस. म्हणजे आजार नाहीच. बाकी कुणासारखीच ती जगणार, राबणार, बाळंत होणार. प्रश्न येतो तो नवरा-बायको दोघंही एएस असले तर. मग दर बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. मी धावपळ करून त्या मुलाची माहिती काढली. तो कॉलेजात असताना तपासला गेला होता. एए, सिकल अजिबात नाही. म्हणजे या दोघांचं एकही मूल आजारी निघालं नसतं. वाहक निघालं असतं, फार तर. हा हिशेब मी एका कागदावर चौकोन आखून नीट काढला आणि कागद घेऊन त्या घरी गेलो.

बाप मोठ्या मनाचा. बसायला खाट दिली, पाणी दिलं. माझं सगळं ऐकून घेतलं, चौकोनही पाहिला. मग म्हणाला, "आता हा कागद घेऊन काय करू जी?" पोरगी सुपात धान पाखडत होती. ती पाखडतच राहिली. तिकडच्या लोकांकडं जाऊन मी समजावतो, असं मी म्हणालो. बापानं हात जोडले. नको. पुन्हा गावात चर्चा नको.

चूक नक्की कुठली, यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं आहे. अर्धवट माहिती दिली ही एक. ती चारचौघांत दिली ही दुसरी. पण तिसरी चूक मला सर्वांत जास्त सलते. मी बापाशी बोललो. रक्त पोरीचं होतं, ती पंधरा पावलांवर बसली होती आणि तिला काही सांगावं हे माझ्या मनातही आलं नाही. पुढं 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, टीव्हीवर मोठा कार्यक्रम दिसला. मी चंद्रपुरात घरी बसून बघत होतो. बायको म्हणाली, तुमचाच विषय. मी चॅनल बदललं.

मधल्या काळातल्या लहानसहान चुका भराभर सांगतो. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यात गडचिरोली होता, पुढं तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. मी गावोगाव 'मोफत ऑपरेशन' सांगत सुटलो. एका म्हाताऱ्याला नागपूरला धाडलं, तर रेशनकार्डावर त्याचं घरचं नाव आणि ओळखपत्रावर शाळेतलं. दोन रात्री तो इस्पितळाच्या व्हरांड्यात झोपला. रेशनकार्ड बघायला मला एक मिनिट लागलं असतं. भामरागडकडच्या गावांसाठी मी रुग्णालयांची यादी केली ती मे महिन्यात. ऑगस्टमध्ये पर्लकोटेचं पाणी तेव्हाच्या ठेंगण्या पुलावरून वाहायला लागलं की भामरागड जगापासून तुटतं आणि माझ्या यादीतलं अर्धं निकामी होतं, हे पूर आल्यावर लक्षात आलं. आरोग्य केंद्राशेजारच्या माहेरघरात दिवस भरत आलेल्या बाईनं आधीच येऊन राहावं, हे मी पोपटासारखं सांगायचो. एका बाईनं विचारलं, मागं घरी असलेली दोन पोरं कोणाजवळ ठेवू? माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी वहीतलं पुढचं पान उलटलं.

आता पान एकशे बारा. ते वहीत नाही. मी फाडलं. शिवणीशी त्याची कातरलेली कड आहे आणि पलीकडच्या पानावर डिंकाचे चार पिवळे डाग.

त्या पानावर वर्तमानपत्रातलं एक कात्रण चिकटवलेलं होतं. नर्सिंग, मुदत एक वर्ष, शंभर टक्के नोकरीची हमी, वसतिगृहाची सोय. कुरखेड्याकडच्या एका शाळेत मी करिअर मार्गदर्शन घ्यायला गेलो आणि ते वाचून दाखवलं. इथल्या पोरांच्या डोळ्यांसमोर तेव्हा पोलीस भरती, वनरक्षक आणि मास्तरकी यापलीकडं फारसं काही नसायचं. नर्स म्हटल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. बारावी आर्ट्स. घरी धाकटा भाऊ, आईबाप तेंदू तोडणारे. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून झालेल्या दोन हंगामांच्या कमाईतून आणि आईच्या कानातल्यातून फीचे पंचेचाळीस हजार उभे राहिले. अर्ज मी भरून दिला. आत्मविश्वासानं, निळ्या पेननं.

एएनएमला दोन वर्षं लागतात, जीएनएमला तीन-साडेतीन, हे मला ठाऊक होतं. मग एका वर्षात नर्स कशी होते, हा प्रश्न मला पडला नव्हता का? पडला होता. कात्रण चिकटवतानाच पडला होता. मी तो बाजूला सारला, कारण मार्च जवळ आला होता आणि अहवालात एक रकाना असायचा : मार्गदर्शन किती जणांना, त्यातून प्रत्यक्ष प्रवेश किती. दुसऱ्या आकड्याच्या जागी माझ्याकडं शून्य होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दीड वर्षानं तिचा फोन आला. आरोग्यसेविकेच्या भरतीची जाहिरात निघाली होती, ती अर्ज भरत होती. "सर, नोंदणी क्रमांक म्हणते. माझ्या सर्टिफिकेटवर कोठी असते तो?"

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी नसेल तर या राज्यात परिचारिका म्हणून उभं राहता येत नाही. आणि नोंदणीसाठी शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतलंच लागतं. मान्य संस्थांची यादी कुणालाही बघता येते. मी ती त्या संध्याकाळी पहिल्यांदा बघितली, वरून खाली आणि खालून वर. ते नाव नव्हतं. संस्थेत फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, अहो, आम्ही नर्स म्हटलंच नाही, केअर असिस्टंट म्हटलंय, माहितीपत्रक वाचा. माहितीपत्रक माझ्याकडं होतं. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, तसंच लिहिलेलं होतं. दारू आणि खर्राबंदीवर भाषणं देणारा मी, त्या रात्री टपरीवर जाऊन खर्रा घोटून घेतला.

तिला मी काय सांगितलं? "बघतो, चौकशी करतो." मग अकरा महिने तिच्या गावाकडं फिरकलो नाही. तिकडचं काम सहकाऱ्याकडं दिलं. पान एकशे बारा फाडलं ते याच दिवसांत, जणू वहीतून गेलं की झालंच नाही. तिनं नागपुरात एका दवाखान्यात वॉर्डात बाई म्हणून आठ महिने काढले, आणि परत आली. पैसे परत द्यायचा विचार माझ्या मनात बरेचदा आला. दिले मात्र नाहीत. पगार तुटपुंजा होता हे खरं, पण त्याच वर्षी मी नवी मोटारसायकल घेतली हेही खरं.

शेवटी गेलो तेव्हा ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते सर्टिफिकेट आणून दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाचं पाणी लागू नये म्हणून घडीवर घडी घालून ठेवलेलं. वर सोनेरी शिक्का. "कागद चांगला आहे ना जी?" असं म्हणून तिनं ते परत घडी घालून ठेवलं.

2017 च्या मध्यात मी चंद्रपूरला परतलो. आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिशेब बघतो. कधीमधी कुणाचा पोरगा-पोरगी विचारायला येतात, जुन्या ओळखीनं. मी सांगतो, पण सांगण्याआधी फोन लावतो. वहीत आता नंबरापुढं तारीख असते आणि कोण बोललं त्याचं नाव. काही नंबरांपुढं 'बंद' लिहिलंय. बऱ्याच.

मागच्या जूनमध्ये ती सर्टिफिकेटवाली मुलगी घरी आली. आता ती आरमोरीला असते, शिवणकाम करते. सोबत धाकटा भाऊ, ओठांवर मिसरूड फुटलेली. त्याला लॅब टेक्निशियन व्हायचं होतं. मोबाइलमध्ये त्यानं एका कॉलेजची जाहिरात आणली होती. मी चष्मा लावून ती वाचली, मग त्याला सांगू लागलो : बारावीला विज्ञान कुठलं होतं ते आधी सांग. अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची ते बघायचं, पॅरावैद्यक परिषदेकडं नोंदणी होते का ते बघायचं. चंद्रपूरला 2015 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आता गडचिरोलीतही आलंय, तिथं काय काय चालतं ते प्रत्यक्ष जाऊन विचारायचं. शोधग्रामात 2006 पासून 'निर्माण' म्हणून तरुणांची शिबिरं होतात, तिथली पोरं ओळखीची झाली तर चार खऱ्या गोष्टी कळतात. माझी गाडी सुटली होती. वही मांडीवर होतीच.

तिनं वही माझ्या मांडीवरून उचलली. पानं उलटत एकशे अकरापर्यंत गेली, फाटलेल्या कडेवरून एकदा बोट फिरवलं, काही बोलली नाही. मग भावाच्या मोबाइलमधल्या जाहिरातीतला नंबर माझ्यासमोर धरला.

"लावा जी," म्हणाली. "माझ्यासमोर लावा."

मी लावला आणि फोन स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला. तिघंही त्याच्याकडं बघत बसलो. आठ-नऊ वेळा घंटी वाजली, कुणी उचलला नाही, बंद झाला.

"आनखी एकदा," ती म्हणाली.